बासरचा एक दिवस : नदीकाठचे गाव कसे पाहावे



शाळेत सहलीचा विषय निघाला की मुले एका सुरात "हैदराबाद" म्हणतात. चारमिनार, गोवळकोंडा, प्राणीसंग्रहालय, आणि अलीकडे सरकत्या जिन्यांची मोठमोठी दुकाने. त्यात वाईट काही नाही. परंतु या वर्षी आठवी-नववीची सहल बासरला न्यावी असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यावर पहिली हरकत अशी आली की, "बासर तर सर्वांनीच पाहिलेले आहे." मी नववीच्या वर्गात जाऊन विचारले. जवळजवळ सर्व हात वर झाले. मग विचारले, देवळामागची नदी ओलांडली की आपण कोणत्या जिल्ह्यात जातो? घाटावर उभे राहिले की जे पाणी दिसते ते वाहते की साठलेले? सर्व हात खाली आले. तीन-चार वर्षांचे असताना पाटी-पेन्सिल घेऊन आई-वडिलांच्या कडेवरून पाहिलेले बासर, तेवढेच त्यांना ठाऊक. यात मुलांचा दोष नाही. आपण मोठी माणसेसुद्धा देऊळ पाहतो, प्रसाद घेतो आणि परतीची बस गाठतो.

म्हणून गेल्या कार्तिकात एका रविवारी आम्ही उभयतांनी बासरचा एक पूर्ण दिवस पाहिला. सोबत नकाशा, एक वही आणि पाण्याची रिकामी बाटली होती. त्या दिवसात काय काय पाहता येते, हे येथे पाठाच्या रूपाने देत आहे.

प्रथम रस्ता. आदिलाबादहून बासर सडकेने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. राष्ट्रीय महामार्गाने निर्मलपर्यंत, मग भैंसा, मुधोळ आणि बासर. आम्ही आदल्या सायंकाळी भैंशाला नातेवाइकांकडे मुक्काम केला, त्यामुळे उजाडता उजाडता घाटावर पोहोचता आले. रेल्वेने जायचे असल्यास गंमत पाहा. आदिलाबादची गाडी किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड असा वळसा घेते आणि उमरी, धर्माबाद करून बासरला येते. म्हणजे तेलंगणातील एका गावाहून तेलंगणातीलच दुसऱ्या गावी जाण्यासाठी बहुतांश वाट महाराष्ट्रातून जाते. नकाशा समोर ठेवून हा मार्ग बोटाने काढून पाहावा. लोहमार्ग आखला गेला तेव्हा येथे दोन राज्ये नव्हती, हे त्यावरून आपोआप समजते.

हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे दोन तालुके व बोथ तालुक्याचा इस्लापूर भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेला. उलट मुधोळ, भैंसा आणि कुबीर हा भाग नांदेड जिल्ह्यातून आपल्याकडे आला. बासर हे त्याच मुधोळ भागातले गाव. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. गाव एक इंचही हलले नाही, नदीही तीच. मात्र तेथील एखाद्या नव्वदीच्या आजोबांनी एकाच घरात बसून नांदेड, आदिलाबाद आणि निर्मल असे तीन जिल्हे पाहिले आणि हैदराबाद, आंध्र प्रदेश, तेलंगण अशी तीन राज्येही. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे मामा नांदेड जिल्ह्यात आणि काका निर्मल जिल्ह्यात असतात, त्याचे एक कारण या तारखांमध्ये आहे. आपण कुठून तरी बाहेरून आलेले लोक आहोत, असे जे काही मुलांना वाटते, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आता घाट. कार्तिकात पहाटे तेलुगू स्त्रिया केळीच्या सोपटावर किंवा पानाच्या द्रोणात दिवा लावून नदीत सोडतात. आपल्याकडील बायकाही कार्तिकस्नानाला येतात. कोण तेलुगू आणि कोण मराठी, हे त्या अंधारात केवळ नेसण्यावरून सांगता येत नाही, बोलल्यावरच समजते. आमच्या सौ.ने दिवा सोडला आणि पाहत उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, हा दिवा पुढे जातच नाही."

पाठाचा पहिला प्रश्न हाच आहे. पावसाळा संपून महिना झाला होता, नदी काठोकाठ भरलेली, तरीही दिवा जागच्या जागी. कारण बासरच्या घाटावर आपण जे पाणी पाहतो ते नुसते नदीचे नाही, ते श्रीरामसागर धरणाचे मागे सरकलेले पाणी असते. खाली पोचमपाडला गोदावरी अडवली आहे. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली. धरणाला ४२ दारे आहेत आणि पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०९१ फूट असते. ती पातळी गाठली की पाणी मागे मागे येत बासर ओलांडते आणि थेट महाराष्ट्राच्या हद्दीत शिरते. म्हणून भरल्या धरणाच्या दिवसांत बासरची गोदावरी तळ्यासारखी निवांत असते आणि उन्हाळ्यात धरण उतरले की त्याच जागी वाळूचे पट्टे उघडे पडतात. वर्षातून दोनदा, कार्तिकात आणि चैत्रात, एकाच पायरीवर उभे राहून पाहिले तर दोन वेगळ्या नद्या दिसतात.

त्या पायऱ्यांवर आम्ही एक गोष्ट शोधली आणि ती सापडली नाही. मोठ्या पुराची खूण. कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले होते, हे दुकानदारांना विचारले तर प्रत्येकाने वेगळी पायरी दाखवली. भूगोल शिकवताना मी जर्मनीतील पासाउ या गावाचे उदाहरण देत असतो. तेथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. इन आल्प्स पर्वतातून येते म्हणून तिचे पाणी हिरवट असते, इल्झ दलदलीच्या रानातून येते म्हणून काळसर, आणि संगमावर उभे राहिले तर काही अंतरापर्यंत हे रंग वेगवेगळे ओळखू येतात. पर्यटक जोडपी सकाळी संगम पाहतात, मग प्रार्थनामंदिरातील सतरा हजारांहून अधिक नळ्यांचे प्रचंड वाद्य ऐकतात आणि सायंकाळी होडीतून फिरतात. पण माझ्या दृष्टीने त्या गावातील सर्वांत शिकण्यासारखी वस्तू म्हणजे जुन्या नगरभवनाची भिंत. तिच्यावर शेकडो वर्षांच्या पुरांच्या रेघा ओढून पुढे साल लिहिलेले आहे. जून २०१३ मध्ये तेथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले. १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर, असे तेथील लोक खात्रीने सांगू शकतात, कारण भिंतीवर रेघ आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने रंगाचा एक डबा आणि थोडी दक्षता खर्च केली, एवढेच.

आपल्याजवळही तीन नद्यांचा संगम आहे. बासरच्या थोडे वर, निजामाबाद जिल्ह्यातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मांजरा आणि हरिद्रा मिळतात. मांजरा ही बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लातूर, बिदर करीत तेलंगणात येते, निजामसागर धरणात अडते आणि पुढे दोन राज्यांची सीमा होऊन कंदकुर्तीला पोहोचते. म्हणजे बासरच्या घाटावरील एका ओंजळीत नाशिकचे, बीडचे, बिदरचे आणि मेदकचे पाणी असते. हे वाक्य वहीत लिहून ठेवावे, कारण दुपारी त्याची गरज पडणार आहे.

देवळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती माहिती घरोघरी आहे. कुरुक्षेत्राच्या युद्धानंतर व्यास महर्षी दंडकारण्यात आले, रोज स्नान करून तीन मुठी वाळू आणून ठेवत आणि त्यातून तीन देवींच्या मूर्ती झाल्या, अशी कथा आहे. व्यासांचे म्हणून वासर आणि त्याचे बासर, असे नावाचे स्पष्टीकरण देतात. कथेतसुद्धा नदीची वाळूच आहे, हे लक्षात घ्यावे. वसंतपंचमीला आणि नवरात्रात फार गर्दी असते. आम्ही गेलो त्या दिवशी अक्षराभ्यासाच्या मंडपात शे-दीडशे परिवार बसलेले होते. आमच्या डाव्या हाताला निजामाबादकडील एक परिवार, उजव्या हाताला नांदेडकडील. दोन्हीकडे ताटात तांदूळ, पाटी, हळदी-कुंकू. दोन्हीकडे मूल रडत होते. गुरुजींनी हात धरून ॐ गिरवून घेतला आणि पुढच्या ओळीकडे गेले. मग आयांनी आपापल्या लिपीत पहिले अक्षर गिरवून घेतले, एकीने तेलुगू, एकीने मराठी. पाटी मात्र एकाच दुकानातली होती. तेथे बसलेल्या पालकांपैकी किती जण पुढे त्या लिपीच्या शाळेत मूल पाठवतील, हा विचार मुख्याध्यापकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. तो विषय पालकसभेसाठी राखून ठेवतो.

देवळातून निघाल्यावर पुलावर जावे. येथे सडकेचा पूल आणि रेल्वेचा पूल जवळजवळ आहेत. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या रेल्वेने प्रथम मीटर गेज रुळांचा बांधला होता. मोठ्या नदीवर पूल बांधताना पात्र जेथे पक्के आणि काठ टिकाऊ असेल ती जागा निवडतात. म्हणून जुना पूल दिसला की येथे नदी स्थिर आहे असे समजावे. पुलाच्या पलीकडे निजामाबाद जिल्हा. सडकेच्या पुलावर वाहने वेगाने जातात. सहलीत मुलांनी ओळ सोडू नये, आणि कठड्यावर तर मुळीच चढू नये.

दुपारचे जेवण आटोपून आम्ही धर्माबादमार्गे बाभळीला गेलो. बासर पाहायचे तर बाभळी कशासाठी, असे कोणी विचारील. घाटावरील पाणी खालच्या बाजूने कोणी धरले आहे ते सकाळी पाहिले, आता वरच्या बाजूने कोण सोडते ते पाहिल्याशिवाय गाव अर्धेच पाहिल्यासारखे होते. शिवाय सौ.चे माहेर धर्माबाद तालुक्यातले. तिच्या भावांची शेती त्याच भागात आहे. माझ्या चुलतभावाची शेती निर्मलजवळ, श्रीरामसागरच्या सरस्वती कालव्यावर. तेव्हा बाभळीचा वाद आमच्या घरात वर्तमानपत्रातून आलेला नाही, तो लग्नाच्या वऱ्हाडाबरोबरच आलेला आहे.

बाभळीचा बंधारा धर्माबाद तालुक्यात, राज्याच्या सीमेपासून काही किलोमीटर वर, गोदावरीवर आहे. त्याला १४ दारे आहेत. सरकारी मराठीत त्याला उच्च पातळी बंधारा म्हणतात, हिंदीत बैराज, तेलुगूत सर्वसाधारणपणे नदीवरील बांधाला आनकट्ट. धरण आणि असा बंधारा यांतील फरक मुलांनी समजून घ्यावा. धरण नदीच्या वाटेत भिंत बनून उभे असते. बंधाऱ्याची दारे वर उचलली की नदी जवळपास पूर्वीसारखी वाहते आणि खाली टाकली की पात्रातच पाणी साठते. बाभळीत साठणारे पाणी २.७४ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. शून्ये मोजताना दमछाक होते, पण एकदा फळ्यावर करून पाहावे.

वाद असा. आंध्र प्रदेशाचे म्हणणे, बंधाऱ्याची जागा श्रीरामसागरच्या फुगवट्यात येते, तेथे दारे बसवली तर आमच्या धरणातील पाणी तुम्ही वर अडवून घ्याल. महाराष्ट्राचे म्हणणे, ६ ऑक्टोबर १९७५ च्या कराराप्रमाणे पैठणच्या खाली नव्या कामांसाठी आम्हाला ६० टीएमसी पाणी वापरण्याचा हक्क आहे, आणि नदी आमच्या गावासमोरून वाहत असताना आमच्या विहिरी कोरड्या का राहाव्यात? जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहायला निघाले तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अटक केली आणि धर्माबादचे नाव देशभर गाजले. प्रकरण २००६ पासून सर्वोच्च न्यायालयात होते. निकाल २८ फेब्रुवारी २०१३ रोजी लागला.

निकालाचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करावे. महाराष्ट्राने बंधारा वापरावा, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवावीत. साठा २.७४ टीएमसीच्या पुढे जाऊ नये. दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांची तीन सदस्यांची समिती असावी. आता मोजा. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे २८, एकूण १२० दिवस दारे उघडी. उरलेले २४५ दिवस बंद. २४५ हा आकडा मोठा दिसतो म्हणून निर्मलकडील माणूस घाबरतो. पण ज्या १२० दिवसांत नदीला खरे पाणी असते, तेच दिवस उघडे आहेत, म्हणून धर्माबादकडील माणूस म्हणतो की आमच्या वाट्याला फक्त पावसाळ्याची शेपटी आली. दोघांचेही खरे आहे. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि आंध्र प्रदेशाच्या जागी निजामाबाद-निर्मलचा हा प्रश्न तेलंगणाकडे आला. १ जुलैला दारे उचलताना आणि ऑक्टोबरच्या शेवटी ती टाकताना दोन्हीकडील अभियंते समोरासमोर उभे असतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारे खाली टाकलेली होती. वर पाणी, खाली दगड आणि डबकी. मी काही बोलण्याआधीच सौ. म्हणाली, "तुमच्या धरणाचे पाणी आमच्या राज्यात येऊन बसते ते चालते. आमच्या गावचे पाणी आमच्या गावात राहिले की भांडण?" यावर माझ्याजवळ उत्तर होते. खालच्या काठच्या माणसाला नेहमीच भीती असते, कारण दाराची कळ वरच्याच्या हातात असते. आज एक बंधारा, उद्या दहा. तेही मी सांगितले. ती म्हणाली, "मग भीतीचे पाणी किती, ते तरी मोजा." शिक्षकाला मोजायला सांगितले की त्याचा नाइलाज होतो.

आम्ही तेथेच वहीत मोजले. श्रीरामसागर धरण बांधले तेव्हा त्याची साठवण क्षमता ११२ टीएमसी धरलेली होती. पुढील पाहण्यांत ती ९० च्या आसपास आणि नंतर ८० च्या आसपास भरली. मधले ३२ टीएमसी कोठे गेले? ते कोणी पळवले नाही. तेवढ्या जागेत गाळ बसला. ३२ ला २.७४ ने भागा. उत्तर साडेअकराच्या वर येते. म्हणजे साडेअकरा बाभळी बंधाऱ्यांएवढी जागा मातीने व्यापली आणि त्यासाठी ना कोणी मोर्चा काढला, ना कोणाला अटक झाली, ना कोणी न्यायालयात गेले. जागेवर उभ्याने केलेला हा ढोबळ हिशेब आहे. गाळाच्या पाहण्यांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होईल. परंतु तो बाभळीच्या कितीतरी पट मोठा आहे, यात शंका नाही.

हा गाळ म्हणजे शेताची वरची काळी माती. ती मराठवाड्याच्या शेतांतून येते, तशीच मांजरेच्या काठाने कर्नाटक-तेलंगणातूनही येते. सकाळी वहीत लिहिलेले वाक्य येथे उपयोगी पडते. नाशिक, बीड, बिदर आणि मेदकचे पाणी एका ओंजळीत येते, तशीच त्यांची मातीही येते. तेथे उतारावर बांध घातला, नाल्याकाठी झाड राखले, तर निर्मलच्या कालव्याला पाणी वाढते. सौ.च्या भावाने आपल्या शेताला बांध घालणे हा माझ्या चुलतभावाच्या शेताच्या पाण्याचा प्रश्न आहे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "हे तुम्हीच माझ्या भावाला सांगा, दिवाळीत." दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

आदिलाबाद शहरातील मुलांना वाटेल की हे सर्व खालच्या भागाचे. तसे नाही. आपल्या उत्तरेची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती कालेश्वरजवळ गोदावरीला मिळते. आपल्या पत्र्यावरून पडलेले पावसाचे पाणी बासर पाहत नाही, पण गोदावरीत मात्र जाते. आणि पैनगंगेवर आपल्याच जिल्ह्यात चनाखा-कोरटा बंधारा आहे. नाव पाहा, कोरटा अलीकडचे आणि चनाखा पलीकडचे गाव, यवतमाळ जिल्ह्यातले. त्यासाठी दोन्ही राज्यांनी २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत बसून करार केला. बाभळीत न्यायालयाने दिनदर्शिका ठरवून दिली, चनाखा-कोरट्यात दोघांनी एकत्र बसून काम ठरवले. डॅन्यूब तर दहा देशांतून वाहते आणि तिच्यासाठी त्या सर्वांना एका मेजाभोवती बसावे लागते; आपली तर दोनच राज्ये आहेत आणि जेवायला दोन्हीकडे ज्वारीची भाकरी.

परतताना सायंकाळी पुन्हा बासरच्या घाटावर थांबलो आणि बाटली भरून घेतली. घरी येऊन ती खिडकीत उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पातळ तपकिरी थर बसलेला होता, नखाच्या जाडीपेक्षाही कमी. कार्तिकातील निवांत पाण्यात एवढा, तर श्रावणातील पुराच्या पाण्यात किती असेल, हे मुलांनी मोजून सांगायचे आहे.

आता एक कठोर गोष्ट, विशेषतः पालकांसाठी. जून २०२५ मध्ये हैदराबादहून बासरला दर्शनासाठी आलेल्यांपैकी पाच तरुण गोदावरीत स्नान करताना बुडाले. अशा वेळी लोक नशिबाला दोष देतात. कारण मात्र भूगोलात आहे. धरण उतरलेले असताना वाळूचे पट्टे उघडे पडतात, पाणी गुडघाभर दिसते, माणूस आत चालत जातो आणि पात्रातील खड्ड्याशी तळ एकदम संपतो. वरून पाणी गढूळ असल्याने तो खड्डा दिसत नाही. एक जण गेला की त्याला काढायला दुसरा जातो. पोहता येणारेही अशाच वेळी जातात. ज्या पाण्यात दिवा हलत नाही ते पाणी सुरक्षित आहे, असे कोणीही समजू नये. २०२७ मध्ये गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि आपल्याकडे गोदावरी पुष्कर असे दोन्ही योग आहेत. त्या वेळी आपल्यापैकी शेकडो परिवार या घाटांवर असतील. त्याआधी मुलांना नदीची ही बाजू शाळेने दाखवलेली बरी.

सहलीचा नियम म्हणून सांगतो : कोणताही विद्यार्थी पाण्यात पाय घालणार नाही. ओंजळीने तीर्थ घ्यायचे असेल तर ते शिक्षक तांब्यातून देतील. पाण्याचा नमुना दोरी बांधलेल्या बाटलीतून, शेवटच्या कोरड्या पायरीवरून, शिक्षकच काढतील. ज्या पालकांना ही अट मान्य नसेल त्यांनी पाल्याचे नाव देऊ नये.

विश्वस्त मंडळाने मंजुरी दिल्यास सहल कार्तिकातील दुसऱ्या शनिवारी निघेल, म्हणजे बाभळीची दारे बंद झालेली असतील आणि दोन्ही बाजूंचे पाणी पाहता येईल. आठवीने पुलावरून दोन्ही काठांचा नकाशा काढायचा आहे. नववीने घाटावरील पाच वयस्कर माणसांना, त्यात निदान दोन तेलुगू भाषिक असावेत, सर्वांत मोठा पूर कोणत्या पायरीपर्यंत आला होता ते विचारून पायरीचा क्रमांक खालून मोजून लिहायचा आहे. उत्तरे जुळली नाहीत तर तसेच लिहावे. ज्यांचे मामा धर्माबाद, बिलोली, उमरीकडे आणि काका निर्मल, मुधोळकडे आहेत, त्यांनी दोघांनाही बाभळीविषयी एकच प्रश्न विचारून दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहून आणावीत. कोणाचे बरोबर ते लिहू नये. प्रत्येकाने एक लिटरची, रुंद तोंडाची, स्वच्छ धुतलेली बाटली आणावी आणि तिच्यावर नाव, तुकडी व तारीख चिकटवावी. बाटल्या परत आल्यावर विज्ञानाच्या खोलीत खिडकीखाली मांडल्या जातील. त्यांना आठ दिवस कोणीही हलवू नये.